ताईंनी शिकवलेली भीती

सुशीलाताई बोरसे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या एका प्रश्नामुळे, आणि त्या प्रश्नावर अख्खे सभागृह हसले होते. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अंगणवाड्यांची कागदी रजिस्टरे बंद करून सगळ्या नोंदी मोबाइलवर घ्यायच्या असे ठरले आणि डोंगरातल्या आमच्या प्रकल्पात सेविकांना मोबाइल शिकवण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. मी धानोऱ्याकडचा, सपाटीवरचा. संगणकाची पदविका खिशात होती आणि सातपुडा मी तोवर लांबूनच पाहिला होता. घाटात मला दोनदा उलटी झाली होती. ते कोणाला कळू नये म्हणून त्या दिवशी मी जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलत होतो. यापुढे रजिस्टर नाही, शाई नाही, खाडाखोड नाही, असे मी ठणकावून सांगत होतो.

पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर कापडात बांधलेले एक जाडजूड रजिस्टर. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"सर, याच्यात लिहिलेलं खोडता येतं का?"

"येतं ना मॅडम," मी म्हणालो. "एका बोटानं. मागे डागसुद्धा राहत नाही."

"डागसुद्धा राहत नाही?" त्यांनी पुन्हा विचारले. मग रजिस्टरावरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मग मला त्याची भीती वाटते."

सगळे हसले. मीही हसलो. म्हाताऱ्या माणसांना नवे काही दिले की ती बिचकतात, असे मी मनाशी म्हटले आणि पुढचा धडा सुरू केला. ताई तेव्हा बीटच्या मुख्यसेविका होत्या, म्हणजे पाड्यापाड्यांवरच्या वीस-बावीस अंगणवाड्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या. मी ज्यांना हसलो त्यांनी आयुष्याची तीस वर्षे त्या डोंगरात पायी घालवली होती, हे मला संध्याकाळी कळले.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहून येईल. पावसाळ्यात नाले ओलांडून त्या पाड्यांवर कशा गेल्या, वरिष्ठांपुढे कशा उभ्या राहिल्या, हे सांगणारी माणसे माझ्यापेक्षा जाणती आहेत. ते सगळे खरेच आहे. पण मी ताईंना जेवढे जवळून पाहिले त्यात मला धाडसी बाई फारशा दिसल्या नाहीत. मला दिसल्या त्या सतत घाबरलेल्या ताई. ही निंदा नव्हे. मी स्वतः जन्माचा भित्रा माणूस आहे, तेव्हा भीतीतले मला थोडेफार कळते. ताईंची भीती माझ्या भीतीपेक्षा वेगळ्या जातीची होती, आणि मला त्यांचा शिष्य म्हणवून घ्यायचे असेल तर मी त्यांच्याकडून तेवढीच एक गोष्ट शिकलो, असे म्हणावे लागेल.

त्यांची कामाची पद्धत सांगतो म्हणजे कळेल. ताई कोणत्याही पाड्यावर गेल्या की आधी रजिस्टर उघडत नसत. ते पिशवीतच राही. आधी त्या घराघरांत वाकून जात आणि आढ्याला टांगलेल्या झोळ्या मोजत. आमच्याकडे डोंगरात तान्ही मुले लुगड्याच्या झोळीत झोपतात. झोळी दिसली की घरात पोर आहे, हे नक्की. पाडाभर झोळ्या मोजून झाल्या की मग त्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसत, रजिस्टर सोडत आणि नावे वाचत. झोळ्या जास्त आणि नावे कमी निघाली तर कोणते तरी पोर नोंदायचे राहिले. नावे जास्त आणि झोळ्या कमी निघाल्या तर मात्र ताईंचा चेहरा उतरे. मग ते घर शोधून, आत जाऊन, पोर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या चहाचा घोटही घेत नसत. सेविकांना हे छळवादाचे वाटे. एक सेविका तर मला म्हणाली होती, "सर, बाईंचा आमच्यावर विश्वासच नाही." मी तिच्या बाजूचा होतो.

रजिस्टरात त्या प्रत्येक मुलासमोर समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवत. 'नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडाखालचे घर.' 'डाव्या भुवईवर व्रण.' 'आई उंबरपाड्याची, माहेरी दोन मामा.' आमच्या ॲपमध्ये यातल्या कशालाच रकाना नव्हता. चुकलेली नोंद त्या एकाच आडव्या रेघेने खोडत, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण लिहून सही करत. त्यांच्या बीटमध्ये खोडरबराला बंदी होती. एका नव्या सेविकेने पांढरी शाई लावली तर ताईंनी तिला ती नखाने खरवडून काढायला लावली होती.

याचा अर्थ ताई कागदाला चिकटून बसल्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी माझ्यापुढे बसून मोबाइल शिकून घेतला, आणि चेष्टा करायची संधी मला फारशी दिली नाही. अंगठ्याऐवजी तर्जनीने टाइप करत, दर अक्षरानंतर चष्मा वर-खाली करत. पण महिन्याभरात त्यांच्या बीटची माहिती सगळ्यांआधी यायला लागली. कागदाचे दुखणे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. एका अंगणवाडीतली रजिस्टरांची पेटी एका पावसाळ्यात वाळवीने पोकळ करून टाकली होती. उघडली तर आत नुसती माती. ती पेटी मला दाखवत त्या म्हणाल्या, "देख परमोद, वाळवी बी खोडस, तुन्हा फोन बी खोडस. देखाले आपलेच जानं पडस." कार्यालयात ताई माझ्याशी शुद्ध मराठीत 'सर' म्हणून बोलत; मनात काही खुपत असले की थेट आमच्या घरच्या अहिराणीत येत आणि मी एकदम 'परमोद' होई. पाहायला आपल्यालाच जावे लागते, हे त्यांचे शब्द मी ऐकले आणि पेटीचा फोटो काढून प्रशिक्षणात दाखवायला ठेवला. कागद किती वाईट, याचा पुरावा म्हणून.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. संपादकांनी तो गाळायला सुचवले होते, कारण त्यात माझी शोभा नाही. पण तो गाळून ताईंबद्दल लिहिणे म्हणजे पुन्हा तीच पांढरी शाई लावणे होईल.

मोबाइल येऊन दोनेक वर्षे झाली असतील. याद्या शुद्ध करा, दुबार नावे काढा, असा वरून आदेश आला. आमच्या प्रकल्पात दुबार नावे सर्वांत जास्त निघाली, आणि बैठकीत माझे नाव घेऊन मला उभे करण्यात आले. परत आलो तो ठरवूनच, की पुढच्या बैठकीत आपण खाली बसूनच टाळ्या ऐकायच्या. मी कार्यालयात बसलो, जिथे नेटवर्क मिळते तिथे, आणि आठवडाभरात यादी धुऊन काढली. नियम सोपा केला होता: नाव, बापाचे नाव, पाडा, जन्मतारीख आणि फोन नंबर जुळला की नोंद दुबार. दोहोंपैकी जिच्यासमोर ताजे वजन आहे ती ठेवायची, दुसरी काढायची. पुढच्या बैठकीत आमचा प्रकल्प पहिला आला. मला प्रमाणपत्र मिळाले. ते मी आईला दाखवले, तिने देवापुढे ठेवले.

ताई तेव्हा आजारी रजेवर होत्या. रुजू झाल्या त्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या. अभिनंदन करतील म्हणून मी हसून उठलो.

"कोनकोनता नावं काढात तू?"

अहिराणी ऐकली तेव्हाच माझे हसू मावळले. म्हणालो, "ताई, ते आता दिसत नाही. काढलेलं राहत नाही."

"काढाना पहिले देखं का? कोन्हले इचारं का?"

मी म्हणालो, हो, सेविकांना फोन केले होते. ते खोटे होते. चार-दोन जणींना केले होते, बाकीच्यांचे लागले नव्हते. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि आपले रजिस्टर सोडले. ते रजिस्टर ठेवायची आता कोणाची सक्ती नव्हती. पण ताई ते स्वतःच्या हाताने, स्वतःसाठी लिहीतच होत्या. माझ्या फोनमधली यादी आणि त्यांचे रजिस्टर शेजारी ठेवून त्या एकेक नाव बोटाने लावत बसल्या. दोन दिवस त्या तशा बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे बोट सागपाड्याच्या पानावर थांबले.

त्यांच्या रजिस्टरात तिथे दोन बुधी होत्या. बुधी दित्या पावरा, वरच्या आळीची. आणि बुधी दित्या पावरा, नाल्यापलीकडची. डोंगरात मुलांना जन्मवारावरून नाव ठेवायची रीत आहे. बुधवारी झाली ती बुधी, रविवारी झाला तो दित्या. एका पाड्यात दोन दित्या असणार आणि त्यांना दोन बुधी होणार, यात नवल कसले? आडनाव तर साऱ्या पाड्याचे एकच. जन्माची तारीख आईबापांना सांगता आली नाही की सेविका महिन्याची एक तारीख टाकून मोकळी होई. ते करायला मीच शिकवले होते, कारण रकाना रिकामा ठेवला तर ॲप पुढे सरकत नसे. दोघींपुढे एक मार्च होती. आणि पाड्यात फोन एकाच माणसाकडे, म्हणून नंबरही एक. माझ्या नियमाने त्या दोघी मिळून एकच मुलगी होती.

"नाल्यापलीकडची," ताई रजिस्टरातले वाचत होत्या. "दंड लाल. वजन दोन महिन्यांपासून घटतं आहे." दंडाला गुंडाळायची आमची मोजपट्टी असते, तिची खूण लाल पट्ट्यात आली म्हणजे पोर धोक्यात. ताईंनी ते मोजले होते रजेवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात. फोनवर ते चढलेच नव्हते, कारण सागपाड्याची सेविका बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि तिथला भार शेजारच्या पाड्यावरच्या बाईंकडे होता. त्या बाई फोनमधली यादी पाहून वजने घेत. यादीत बुधी दोन, पण त्यांच्यासमोर आली एकच, त्यांनी वजन केले तिचे. धडधाकट होती तिचे. जिला उचलून वजनाला आणता येत नव्हते तिच्यासमोर ताजे वजन कुठून असणार? माझ्या नियमाने नेमकी अशीच पोरे गळत होती, हे मला त्या क्षणी कळले, आणि मी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दंड मोजून सात आठवडे झाले," ताई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "माले भीती वाटी ऱ्हायनी, परमोद. चाल, उठ. गाडी काढाले सांग."

तोरणमाळच्या बाजूचा घाट मी त्या दिवशी कसा चढलो ते मला आठवत नाही. उलटी झाली नाही एवढे आठवते. ताई पुढच्या सीटवर होत्या. वळणे घेत गाडी चढत असताना त्या मागे न वळता बोलायला लागल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पाड्यावर त्या पोचल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. टेकडीवरचे एक घर राहिले होते. खालच्या बाईने सांगितले, ती माणसे ऊसतोडीला गुजरातेत गेली. पाय दुखत होते. ताईंनी त्या घरातल्या पोराच्या नावासमोर 'स्थलांतरित' लिहिले, सही केली आणि उतरल्या. माणसे गेली होती हे खरे होते. पण आजीला आणि तापाने फणफणलेल्या पोराला घरी ठेवून गेली होती. दोन दिवसांनी पोर गेले. कोणी ताईंना बोल लावला नाही, कोणी चौकशी केली नाही. कागद बरोबर होता.

"तवयपासून मी घर सोडत नही," त्या म्हणाल्या, तोवर सागपाडा आला होता.

नाल्यापलीकडच्या घराचे दार ओढलेले होते. आत झोळी नव्हती. वरच्या आळीच्या माणसांनी सांगितले, बाप ऊसतोडीला गेला, बाई पोर घेऊन कुठे गेली माहीत नाही. मी तिथेच खाली बसलो. मला रडू फुटले, आणि तिशी ओलांडलेल्या पुरुषाने चार अनोळखी बायांसमोर हुंदके देऊन रडावे याची लाजसुद्धा वाटेना.

"आते रडू नको," ताई म्हणाल्या. "पहिले पोर देखू, मंग रडजो." त्या रजिस्टराचे पान उलगडत होत्या. समासात होते ते बारीक अक्षरातले: 'आई उंबरपाड्याची, माहेरी दोन मामा.'

उंबरपाडा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. गाडी तिथवर जात नाही. ताईंचे वय पंचावन्नच्या आसपास, नुकत्याच आजारातून उठलेल्या. मी मागे आणि त्या पुढे, असे आम्ही दीडेक तास उतरलो. वाटेत मी एकसारखा हिशेब करत होतो, सात आठवडे म्हणजे किती दिवस, आणि लाल दंडाचे पोर किती दिवस काढते. प्रशिक्षणात तो आकडा मीच पडद्यावर दाखवत असे. देवाला मी त्या उतारावर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. मामाचे घर आले तेव्हा उन्हे कलायला लागली होती.

ताई नेहमीप्रमाणे वाकून आधी आत गेल्या आणि त्यांनी वर पाहिले. मीही पाहिले. आढ्याला झोळी होती. पण सोडलेली नव्हती. लुगडे गुंडाळून, गाठ मारून दोरासकट वर खोचून ठेवलेले होते. रिकामी झोळी अशी वर कधी खोचतात ते मला माहीत नव्हते आणि विचारायचा धीर नव्हता. ताईंनी भिंतीला हात टेकला. तीस वर्षांची नोकरी, एवढा अनुभव, आणि ती बाई माझ्याइतकीच घाबरलेली होती. फरक इतकाच की त्या उभ्या होत्या.

मागच्या दाराने बुधीची आई आत आली. पदराच्या आत, छातीशी बांधलेले काहीतरी होते. ताई पावरी बोलीत तिच्याशी बोलल्या, तिने पदर बाजूला केला. आत एवढेसे तोंड होते. डोळे उघडे होते आणि ते हलले. ताई त्या जमिनीवर एकदम खालीच बसल्या.

झोळी का बांधून ठेवली, हे आईने सांगितले आणि ताईंनी ते मला मराठीत सांगितले. पोर झोळीत निजवले की श्वास चालू आहे की नाही ते कळत नसे. म्हणून तिने पोर खाली ठेवणेच बंद केले होते. दळताना, पाणी आणताना, निजताना, ते तिच्या अंगावरच होते. आणि अंगणवाडीत का आली नाही? आली होती. नव्या बाईंनी फोनमध्ये पाहिले आणि नाव नाही म्हणून सांगितले; चौकशी करून कळवते म्हणाल्या. पण घरी परतताना या आईच्या मनाने वेगळेच घेतले. सरकारला सगळे आधी कळते. पोर जगायचे नाही हे साहेबांना कळले असणार, म्हणून त्यांनी नाव आधीच कापले. मग खटाटोप कशाला, म्हणून ती पोराला घेऊन माहेरी आली, शेवटचे दिवस आपल्या माणसांत जावेत म्हणून.

हे ताईंनी मला शब्द न बदलता सांगितले. ते साहेब म्हणजे मी होतो.

उतरलो तो डोंगर आम्ही तसाच चढलो. बुधीला ताईंनी आळीपाळीने आईकडून घेतले. माझ्याकडे एकदाच दिले. एवढे हलके काही मी आयुष्यात उचलले नव्हते, आणि त्या चढावर मला तिचा श्वास ऐकू येईपर्यंत मी माझा धरून ठेवत होतो. तालुक्याच्या दवाखान्यात अशा मुलांचा वेगळा वॉर्ड असतो. तिथे ती महिनाभर होती. पहिले चार दिवस डॉक्टर नुसती मान हलवत. पाचव्या दिवशी ती दुधाच्या वाटीसाठी रडली, आणि ताई वॉर्डबाहेर येऊन मला म्हणाल्या, "रडनी! रडनी ती!" आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडलेल्या ताई मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

तिचे नाव परत चढवायला बसलो तर फोन म्हणाला, ही नोंद आधीच अस्तित्वात आहे. मी पुन्हा पुन्हा भरत होतो आणि तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. ताई वॉर्डातल्या खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तारीखच खोटी टाकशील तर तो तरी काय करीन?" मग त्यांनी आईला विचारायला सुरुवात केली. होळीच्या आधी की नंतर? भोंगऱ्याच्या बाजाराला गेली होतीस का? तेव्हा पोटात होती की कडेवर? आईला तारीख माहीत नव्हती, पण बाजार आठवत होता. होळीआधी भरणाऱ्या त्या बाजारात तिने बांगड्या भरल्या होत्या, आणि पुढच्याच बुधवारी पोर झाली. रजिस्टराच्या पुठ्ठ्याच्या आत ताईंनी जुन्या कॅलेंडरांची पाने जपून ठेवलेली होती. त्यातले एक काढून त्यांनी बुधवारावर बोट ठेवले. दुसरी बुधी होळीनंतरच्या बुधवारची निघाली. वार त्यांच्या नावातच होता; आम्ही दोघींवर एक तारीख थापून तो पुसला होता. खरी तारीख भरली आणि फोनने नाव घेतले.

वरिष्ठांना सांगायला ताई माझ्यासोबत आल्या. मी माझी चूक सांगितली, त्यांनी स्वतःची रजा सांगितली, आणि आमच्या दोघांच्या नावाने लेखी समज आली. ती त्यांच्या साऱ्या नोकरीतली पहिली आणि शेवटची समज. त्याबद्दल त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. त्या दिवशी घरी नेऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवण झाल्यावर मात्र रजिस्टर पुढे ठेवले आणि पेन दिले. "लिख. तुन्हा हातनं." सागपाड्याच्या पानावर, बुधीच्या नावासमोर, माझ्या अक्षरात आजही आहे: 'न पाहता नाव काढले.' खाली सही. ताईंनी ती ओळ खोडू दिली नाही आणि मीही कधी खोडणार नाही.

ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या तेव्हा ते रजिस्टर त्यांनी माझ्या हाती दिले. काम त्यानंतर थांबलेले नाही, वाढलेच आहे. आता तर फोन आईचा चेहरा ओळखतो आणि मगच आहाराची पाकिटे देऊ देतो. उन्हाने करपलेला, दोन वर्षांत दहा वर्षांनी वाढलेला चेहरा त्याने ओळखला नाही की मला नाल्यापलीकडची बुधी आठवते. मी खुर्चीतून उठतो. पाड्यावर जातो, वाकून आत शिरतो आणि आधी वर पाहतो. नव्या सेविकांना वाटते, सरांचा आमच्यावर विश्वास नाही.

या ग्रंथासाठी जन्मतारीख मागितली तेव्हा ताई हसल्या. त्यांची तारीख एक जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आईला एवढेच आठवत होते की कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. तेव्हा ताई आज खरोखर साठ वर्षांच्या आहेत की नाहीत, हे कोणालाच ठाऊक नाही. मला ते बरे वाटते. ज्यांच्या आयुष्याची सुरुवात कागदाला नीट पकडता आली नाही, त्यांच्या पुढच्या वर्षांचा अंदाजही कोणत्या रकान्याला न लागो.

ताई निवृत्त झाल्या तरी दर महिन्याला वजने झाली की त्यांचा फोन येतो. प्रकृती, हवापाणी काही नाही. पहिला प्रश्न एकच असतो. बुधी आता पहिलीत जाते, तिच्या आईने झोळी केव्हाच सोडून धाकट्याला दिली आहे, तरी प्रश्न बदललेला नाही. मी जन्माचा भित्रा. घाटाला भ्यालो, वरिष्ठांना भ्यालो, फोनच्या पडद्याला भ्यालो. पण आता मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वजनांच्या दिवशी ताईंचा फोन न येण्याची. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर अशीच धारदार राहो, ही प्रार्थना मी सगळ्यांच्या वतीने करतो आहे आणि त्याहून जास्त स्वतःच्या स्वार्थासाठी. परवा सागपाड्याहून उतरत होतो तेव्हाच फोन वाजला.

"काय रे परमोद, पोर देखी का?"

"देखी, ताई. घरमा जाईसन देखी."